मिठाच्या वाटीने कोकणातली ओल जात नाही

मे संपत आला की गावचं घर बंद करून मुंबईला परतणाऱ्या चाकरमान्यांच्या फोनवर एक संदेश फिरू लागतो. सार असं: सेल्फ स्टोरेज, म्हणजे भाड्याच्या गाळ्यात सामान ठेवायची विद्या, 6000 वर्षं जुनी, चिनी लोक मडक्यांत घरच्या वस्तू घालून राखणदार असलेल्या सार्वजनिक खड्ड्यांत भाड्याने ठेवत; आपल्याकडेही पेवं (धान्य साठवायचे जमिनीतले खड्डे) होती; तेव्हा घर घट्ट बंद करा, खोलीखोलीत मिठाची वाटी ठेवा, गाद्या प्लास्टिकमध्ये बांधा, डांबरगोळ्या टाका, कागद सागवानी पेटीत ठेवा, तिला वाळवी लागत नाही, गणपतीला सगळं जसंच्या तसं मिळेल. दार उघडल्याबरोबर येणाऱ्या कुबट वासाबद्दल संदेशात अवाक्षर नाही.

‘सेल्फ स्टोरेज 6000 वर्षं जुनं आहे.’ खड्डे खरे आहेत. उत्तर चीनमधल्या नवाश्मयुगीन वस्त्यांत साठवणीचे खड्डे सापडलेत, चिशान इथल्या खड्ड्यांत तर वरी-राळ्याच्या जातीचं धान्य होतं. पण ती गावाची बेगमी. भाडं, राखणदार आणि घरगुती सामान ही नंतर घातलेली फोडणी. जुन्या वखारीत माल वखारवाल्याच्या ताब्यात जाई. लंडनचं पँटेक्निकन हे फर्निचरचं प्रचंड गोदाम तसंच होतं. आगीला दाद देणार नाही अशी त्याची ख्याती, आणि 1874 साली ते आगीतच खाक झालं. सेल्फ स्टोरेजमध्ये जागा गाळेवाल्याची, कुलूप आपलं. 1964 साली टेक्सासमधल्या ओडेसा गावी निघालेल्या अशा गाळ्यांच्या नावातच सगळं आलं: ‘यू-स्टोअर-इट, यू-लॉक-इट, यू-कॅरी द की’. हा फरक शब्दांचा कीस नव्हे. माल दुसऱ्याच्या ताब्यात दिला तर आपल्या 1872 च्या करार कायद्यातला निक्षेप (बेलमेंट) लागू होतो आणि सांभाळायची जबाबदारी त्याच्यावर येते. नुसता गाळा घेतला तर ओल लागल्याचं नुकसान बहुधा आपल्याच माथी. मुंबईत गाळा घेणाऱ्याने करारातली ही ओळ आधी शोधावी.

‘पूर्वजांची पेवं होती.’ होती, पण घाटावर. पेव चालतं ते कोरड्या जमिनीत. तोंड लिंपून टाकलं की आतला प्राणवायू संपतो आणि कीड गुदमरून मरते. (म्हणूनच पेव उघडल्याबरोबर आत उतरत नाहीत, माणूसही गुदमरतो.) सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं प्रसिद्ध, आणि 2005 च्या पुरात तिथंही पाणी शिरलंच. आपल्या कोकणात जुलैत विहिरीचं पाणी हाताला लागेल इतकं वर येतं, जांभा पाणी पाझरवतो. इथं खड्डा खणणं म्हणजे तळं करणं. कोकणाची रीत नेमकी उलटी: सामान वर चढवा, वारं खेळू द्या, धूर द्या. कणगी शेणामातीने लिंपून दगडांवर उभी करायची, बियाण्याचं भात पेंढ्याच्या मुडीत बांधायचं, बाकी सगळं माळ्यावर. आणि माळ्याखाली चूल. आजीच्या माळ्यावर बुरशी येत नसे, कारण भर पावसातही दोन वेळा खालून ऊब आणि धूर जाई. गॅस आला तेव्हाच माळ्याची निम्मी ताकद गेली. घर बंद झाल्यावर उरलेलीही जाते.

आता मीठ. हा सल्ला सगळ्यात लाडका आणि सगळ्यात फोल. साधं मीठ हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली तरच पाणी ओढतं, आणि बुरशीचं रान माजायला सुरुवात होते तीही साधारण तिथूनच. म्हणजे मिठाने जीव तोडून काम केलं तरी खोली बुरशीच्या उंबरठ्यावरच राहणार. पण तेवढंही होत नाही. 10 बाय 12 ची, 10 फूट उंचीची खोली धरा: 34 घनमीटर. 28 अंशाला, 85 टक्के आर्द्रतेत तिच्या हवेत पाऊण किलोवर पाणी असतं. ती 60 टक्क्यांवर आणायची तर सुमारे 230 ग्रॅम काढावं लागेल. कौलारू घरात हवा तासाला एकदा बदलते असं धरलं, तर हे काम दिवसाला साडेपाच किलोचं झालं, तेही रोज, पावसाळाभर. वाटी बिचारी काय करणार! ती भरते, उतू जाते आणि खारं पाणी खालच्या ट्रंकेच्या बिजागऱ्या खातं.

प्लास्टिक वाईट नाही, वेळ चुकते. 50 लिटरच्या घट्ट डब्यातल्या हवेत पाणी जेमतेम ग्रॅमभर. पण दमट हवेत पडलेल्या दोन किलोच्या सुती गोधडीत ते 200 ग्रॅमच्या घरात असतं. मृगाच्या तोंडावर ती गुंडाळली म्हणजे ओल बाहेर ठेवली असं नव्हे, आत कोंडली. रात्री गारवा आला की प्लास्टिकला आतून थेंब धरतात. म्हणून एप्रिल-मेमध्ये दोन-तीन दिवस सकाळी 10 ते दुपारी 3 खळ्यात कडक ऊन द्यावं, मधे एकदा पलटावं. संध्याकाळच्या खाऱ्या वाऱ्यात कपडा परत ओल धरतो, त्याआधी रोज आत घ्यावं आणि शेवटच्या दिवशी लगेच बांधावं. ट्रंक भिंतीपासून चार बोटं लांब, विटांवर.

डांबरगोळ्या कपडे खाणाऱ्या कसरीला घालवतात, बुरशीला नाही. त्याही फक्त बंद पेटीत, आणि सगळ्यात वर, कारण त्यांची वाफ जड असते, खाली उतरते. कापराबरोबर ठेवू नयेत. दोन्ही मिळून वितळतात आणि साडीवर डाग धरतो. तान्ह्या मुलाच्या कपड्यांत तर नकोतच.

सागवानी पेटीला वाळवी लागत नाही हे खरं गाभ्यापुरतं. पांढरं लाकूड ती खाते, आणि गाभ्यावरून मातीची नळी बांधून आतल्या कागदांपर्यंत पोचते.

राहिलं ‘घट्ट बंद करा’. किल्ली वाडीतल्या कुणाकडे तरी द्या. उघडीप पडली, कौलं सुकली की 11 ते 3 समोरासमोरची दारं उघडायची. भुरभूर असेल तर त्या दिवशी नाही. पंधरा दिवसांतून एकदा असं झालं आणि त्याच वेळी पडवीत नारळाच्या करवंट्या पेटवून आत धूर दिला, तर माळ्याला निदान त्या दिवसापुरती चूल मिळाली. धुरापाशी माणूस बसून हवा, आणि विस्तव पुरता विझल्याशिवाय कुलूप लावायचं नाही.