‘लाइट’ सोया सॉस म्हणजे कमी मिठाचा? अजिबात नाही हो!

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरतोय. "डार्क सोया सॉस म्हणजे नुसता केमिकलचा रंग, बीपीवाल्यांनी लाइट वापरावा, अजिनोमोटो नसलेलाच घ्यावा, गहू चालत नाही त्यांनाही सोया सॉस चालतो, आणि तो कधीच खराब होत नाही." खाली हात जोडलेले. मी दोनदा गप्प बसले, पण रविवारी भांडुपला मावशीकडे गेले तर तिने काकांच्या बीपीसाठी मुद्दाम लाइटची बाटली आणलेली आणि "लाइटच आहे गं" म्हणत नूडल्सवर दुप्पट ओतत होती, मग म्हटलं आता लिहायलाच पाहिजे.

तर पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं. लाइट हा रंग आहे, मीठ नाही. लाइट सोया सॉस पातळ, फिकट आणि सहसा डार्कपेक्षा जास्त खारट असतो. डार्क जास्त दिवस मुरवतात, बऱ्याचदा त्यात कॅरामल नाहीतर काकवीसारखं काहीतरी घालतात, म्हणून तो दाट आणि गोडसर लागतो. जपान्यांचंही तेच, त्यांचा फिकट ‘उसुकुची’ नेहमीच्या ‘कोइकुची’पेक्षा खारट. आता हिशोब बघा, एक मोठा चमचा म्हणजे १५ मिली साध्या सोया सॉसमध्ये मिठातलं सोडियम ९०० मिलिग्रॅमच्या आसपास, आणि जागतिक आरोग्य संघटना सांगते दिवसभरात २००० च्या आत राहा. मावशीचे दोन चमचे काकांच्या एकट्याच्या ताटात गेले की दिवसाचा कोटा जवळजवळ खल्लास, वर लोणचं पापड आहेच. बीपीसाठी हवा असेल तर बाटलीवर ‘लेस सोडियम’ असं स्पष्ट लिहिलेला शोधा, त्यात साधारण ४० टक्के कमी असतं, पण बिनमिठाचा तोही नाही.

डार्क म्हणजे केमिकल, हेही चुकीचं. रंगावरून काही कळत नाही, बनवायची पद्धत बघायची. एक पद्धत जुनी, सोयाबीन आणि गव्हावर कोजी नावाची बुरशी वाढवायची आणि मिठाच्या पाण्यात महिनोन्महिने आंबवायचं. दुसरी झटपट, सोयाबीनमधली प्रथिनं हायड्रोक्लोरिक ॲसिडने तोडायची, काही दिवसांत काम होतं, मग रंगाचवीसाठी कॅरामल वगैरे. या ॲसिडवाल्या पद्धतीत ३-एमसीपीडी नावाचा नको असलेला पदार्थ तयार होऊ शकतो, युरोपात त्यावर किलोमागे २० मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. म्हणजे काळजी अगदीच खोटी नाही, फक्त बोट चुकीच्या बाटलीकडे दाखवलंय. मागचं लेबल वाचा, ‘हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन’ दिसलं की समजायचं.

अजिनोमोटोचं तर हसूच येतं, कारण अजिनोमोटो म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट. आंबवताना प्रथिनं तुटून ग्लुटामेट आपोआपच तयार होतं, सोया सॉसची ती चव त्याचीच आहे! १९०८ मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून वेगळं काढलं ते हेच. वरून घातलेलं नको असेल तर लेबलवर ६२१ नंबर बघा, पण ग्लुटामेटच नसलेला आंबवलेला सोया सॉस मागू नका.

गहू बहुतेकांत असतोच. तामारी नावाच्या जपानी सोया सॉसमध्ये कमी किंवा नसतो, तरी लेबल वाचूनच घ्या.

खराब होण्याबद्दल मेसेज अर्धा बरोबर. मिठामुळे तो सहज नासत नाही, पण उघडल्यावर हवा लागून चव उतरते, त्यात मुंबईचा मे महिना, गॅसशेजारी ठेवलेली बाटली काय टिकणार. फ्रिजमध्ये ठेवा.

मग घ्यायचा कुठला? चवीला लाइट, रंगाला डार्क, दोन्ही छोट्या बाटल्या. नुसत्या डार्कवर फ्राइड राइस केला की तो काळाकुट्ट होतो पण अळणी लागतो, मग माणूस अजून ओततो आणि सगळं गोडसर कडवट. मी दोघांसाठी दोन छोटे चमचे लाइट आणि अर्धा चमचा डार्क घालते, मोठ्या आचेवर कढईच्या कडेने सोडायचा, वरून मीठ नाही. मंचुरियनच्या ग्रेव्हीला (ती आपल्या मुंबईचीच, श्रेय नेल्सन वाँग यांना देतात) डार्क थोडा जास्त चालतो, गाडीवरचा तो तांबूस काळा रंग त्याचाच. मोमोबरोबर बुडवायला मात्र लाइटच, त्यात मिरची आणि व्हिनेगर.

मावशीची बाटली मी उचलून आणलीये. काकांच्या नूडल्सवर आता लिंबू, लसूण आणि भरपूर काळी मिरी, ते कुरकुरतायत, पण प्लेट रिकामी होते.