टँकमध्ये मोरचूद टाकू नका, आणि तो मेसेज पुढे पाठवू नका

परवा रात्री साडेदहाला पिंपळगावहून मावसभावाचा फोन. "ताई, चमचा हातात आहे. किती टाकू?"

चमच्यात मोरचूद होतं. घरची द्राक्षबाग आहे, डाऊनी या बुरशीजन्य रोगावर बोर्डो मिश्रण फवारायला आणलेल्या मोरचुदाची पिशवी शेडमध्ये कायम असते. आणि समोर शंभर लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक: दोन क्लाउनफिश, एक क्लीनर कोळंबी, सात-आठ गोगलगायी, दगडावर थोडे झोआंथिड (प्रवाळासारखे छोटे जीव) आणि त्या सगळ्यावर बोटभर लांब वाढलेलं हिरवं शेवाळ. मामांनी घरच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज वाचून हा कामाला लागला होता. मामांनी जन्मात गोल्डफिशसुद्धा पाळलेला नाही.

हा मेसेज मला महिन्याभरात तिसऱ्यांदा आलाय, म्हणून आता एकदाच लिहून टाकते. वर मथळा: "समुद्री टँकमधलं शेवाळ ७ दिवसांत १००% गायब! महागडी परदेशी औषधं विसरा." खाली पाच उपाय. चिमूटभर मोरचूद टाका. दहा दिवस खाणं बंद करून नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणा. तीन दिवस टँक काळ्या कापडाने झाका. सगळे दगड नळाखाली घासून धुवा आणि पाणी पूर्ण बदला. एक टँग मासा सोडा, उरलेलं तो खाईल. शेवटी अर्थातच, "जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा."

मोरचुदापासूनच सुरुवात करते, कारण बाकीच्या चुका निस्तरता येतात, ही येत नाही.

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. त्याच्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा तांबं असतं. चिमूट म्हणजे अर्धा ग्रॅम धरू. त्यात सव्वाशे मिलिग्रॅम तांबं. शंभर लिटरच्या टँकमध्ये ते विरघळलं की लिटरला सव्वा मिलिग्रॅम झालं. आता तुलना करा. खाऱ्या पाण्यातल्या माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग झाला की तांब्याचा उपचार करतात, हे खरं आहे, आणि मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा तेच कुठेतरी अर्धवट ऐकलंय. पण त्या उपचारात तांबं लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅमच्या आसपास ठेवतात. तेसुद्धा वेगळ्या रिकाम्या टाकीत, वाळू नाही, दगड नाही, फक्त मासे, आणि रोज किटने मोजून. म्हणजे मेसेजमधली "चिमूट" औषधाच्या मात्रेच्या सहापट. आमच्या बागायतदाराच्या चमच्यात तर पाच ग्रॅम तरी असणार. त्याचा हिशेब तुम्हीच करा.

मासे एक वेळ तग धरतील. कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ, ॲनिमोन यांना त्या औषधाच्या मात्रेइतकं तांबंही झेपत नाही. गंमत अशी की यातल्या गोगलगायी आणि कोळंबीच शेवाळ खाऊन किंवा उरलंसुरलं टिपून टँक स्वच्छ ठेवत असतात. म्हणजे शेवाळ मारायला निघून आपण आधी शेवाळ खाणाऱ्यांनाच मारणार. वर मेलेल्या गोगलगायी कुजणार आणि त्यांचं खत पुन्हा शेवाळालाच मिळणार.

"मग पाणी बदलू," असं भाऊ म्हणालाच. पाणी बदलून हे पूर्ण जात नाही. आपले दगड आणि वाळू चुनखडीची, कॅल्शियम कार्बोनेटची. तांबं त्यांना चिकटून बसतं आणि नंतर हळूहळू पाण्यात सुटत राहतं. म्हणून एकदा तांबं घातलेल्या टँकमधला दगड मुरलेले शौकीन रीफ टँकसाठी, म्हणजे प्रवाळांच्या टँकसाठी, फुकटातही घेत नाहीत. तळ्यात, शोभेच्या हौदात मोरचूद टाकतात हो, शेवाळ मरतं हेही कबूल. हौदात कोळंबी पाळलेली नसते.

चमचा पिशवीत रिकामा करायला लावला, हात धुवायला लावले, मग पुढे बोलले.

दगड नळाखाली धुण्याबद्दल फार लिहीत नाही. माशांच्या विष्ठेतला अमोनिया पचवणारे जिवाणू त्या दगडांवरच राहतात. क्लोरीनच्या गोड्या पाण्यात दगड घासले आणि पाणीही सगळं बदललं, तर तुम्ही जुन्या माशांसाठी कोरा करकरीत नवा टँक लावलात. अमोनिया चढणार. दगड घासायचेच असतील तर बदलून काढलेल्या खाऱ्या पाण्याच्या बादलीत, टूथब्रशने.

काळं कापड? यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करते. वाळूवर लालसर-जांभळी साय धरते ती तीन दिवसांच्या अंधाराने बऱ्याचदा हटते. पण ती साय मुळात शेवाळ नाहीच, सायनोबॅक्टेरिया आहे. हिरव्या केसांसारखं शेवाळ तीन दिवसांत फिकट होतं आणि दिवा लागला की परत उभं राहतं. अंधारात काही मरतं ते कुजतं, पाण्यातला ऑक्सिजन खातं. झाकायचं तर हवेचा पंप चालू ठेवून झाका, एवढी ओळ तरी मेसेजमध्ये हवी होती.

आता "सगळं शून्यावर आणा." हा सल्ला शहाणपणाचा वाटतो म्हणून जास्त पसरतो. शेवाळाला नायट्रेट, फॉस्फेट लागतं, बरोबर. अति खाऊ घातलं की शेवाळ वाढतं, बरोबर. पण टँक हिरवागार असताना किट शून्य दाखवतं, त्याचा अर्थ पाण्यात काही येत नाही असा नाही. आलेलं सगळं शेवाळ आधीच पिऊन बसलंय. आणि खरोखर उपासमार केलीत तर प्रवाळ फिके पडतात आणि मोकळ्या जागेवर बऱ्याचदा डायनोफ्लॅजेलेट येतात: तपकिरी, शेंबडासारखे लोंबणारे धागे, टोकाला हवेचे बुडबुडे. त्यातले काही विषारी असतात, खाल्ले तर गोगलगायी मरतात. ज्यांच्या टँकमध्ये ते एकदा आलेत, ते हिरव्या शेवाळाला हात जोडतात. नायट्रेट लिटरला ५-१० मिलिग्रॅम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ एवढं असलं तर मी तिकडे बघतही नाही. आणि दहा दिवस उपाशी कोण राहणार? मासे. मामा नव्हे.

शेवाळ नुसतं खताने ठरत नाही, खाणारं कोण आहे यानेही ठरतं. याचा सगळ्यात मोठा पुरावा टँकमधला नाही, समुद्रातला आहे. १९८३ च्या सुरुवातीला पनामाजवळ डायाडेमा जातीचे समुद्री अर्चिन, म्हणजे लांब काळ्या काट्यांचे गोळे, कसल्याशा रोगाने मरायला लागले आणि वर्षभरात जवळजवळ सगळ्या कॅरिबियनमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त संपले. जमैकात शेवाळ खाणारे मासे माणसांनी आधीच पकडून संपवलेले, १९८० च्या ॲलन वादळाने प्रवाळ मोडलेलं, चरायला उरले होते ते हेच अर्चिन. टेरेन्स ह्यूज यांनी १९९४ साली 'सायन्स'मध्ये जमैकाचे आकडे मांडले: १९७७ मध्ये तळाचा ५२ टक्के भाग जिवंत प्रवाळाचा होता, नव्वदीच्या सुरुवातीला ३ टक्के. शेवाळ ४ टक्क्यांवरून ९२ टक्क्यांवर. सांडपाण्याचाही हात होता असं म्हणणारे शास्त्रज्ञ आहेत आणि तो वाद नंतरही चालला. पण चरणारे गेले की काय होतं, हे बघायला याहून मोठा टँक मिळायचा नाही.

म्हणजे पाचवा उपाय बरोबर? दिशा बरोबर, प्राणी चुकीचा. साधा पिवळा टँगसुद्धा वीतभर होतो आणि दिवसभर लांबच लांब पोहतो. शंभर लिटरमध्ये त्याला सोडणं म्हणजे बैल बाल्कनीत बांधणं. शिवाय बोटभर वाढलेल्या शेवाळाला बरेच मासे तोंड लावत नाहीत, त्यांना कोवळं लागतं. आधी हाताने उपटा, मग दोन-चार टर्बो गोगलगायी वाढवा. हाताने उपटणं कुठल्याच मेसेजमध्ये नसतं, कारण त्यात गंमत नाही.

आणि शेवाळ आलं कुठून, हे तर मेसेज विचारतच नाही. भावाला मी एवढंच विचारलं की रोज उडून जाणाऱ्या पाण्याच्या जागी काय घालतोस. "स्वयंपाकघरातलं आरओचं." त्या मशीनला चवीसाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, तो थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतो. भावाकडे बोअरचं पाणी, भोवती खत घातलेल्या बागा. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट भारतीय मानकाला चालतं. टँकमधून उडतं ते निव्वळ पाणी, बाकी सगळं मागे राहतं. रोज दीड लिटर म्हणजे महिन्याला ४५ लिटर. त्यात लिटरला २० मिलिग्रॅम जरी नायट्रेट असलं, तरी शंभर लिटरच्या टँकमध्ये महिन्याला लिटरमागे ९ मिलिग्रॅमने चढ. बागेला ठिबकने खत देतात तसं हा रोज टँकला देत होता.

काल त्याने टीडीएस मीटरचा फोटो पाठवला. आकडा १३८. खाली लिहिलंय, "पण ताई, प्यायला तर गोड लागतं."