"दीर तयार असताना नकार दिला" या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंत की मूल होण्यासाठी दीर वीर्याचं सॅम्पल द्यायला तयार असताना आम्ही नाही म्हणालो, वीर्य बँकेच्या सॅम्पलचे पैसे लावले आणि आयुष्मान कार्ड परत केलं. तुम्ही आमच्याकडे कधी आलात, कशासाठी आलात, यातलं काहीही मी इथे लिहिणार नाही. पेशंटची गुप्तता उत्तर देण्याच्या नादात मोडायची नसते. त्यामुळे पुढचं सगळं निल काउंटचा, म्हणजे नवऱ्याच्या वीर्यात शुक्राणूच नसल्याचा, रिपोर्ट हातात घेऊन येणाऱ्या प्रत्येक जोडप्यासाठी आहे.

"घरचंच रक्त राहील" असं सासूबाई म्हणतात, त्यामागची माया कळते. पण २०२१ च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्यानुसार दात्याचं वीर्य नोंदणीकृत बँकेतूनच घ्यावं लागतं आणि दाता कोण हे जोडप्याला कळत नाही. मला हा नियम मनापासून पटतो. उद्या शेताची वाटणी निघाली, भावाभावांत बिनसलं, की रागाच्या भरात कुणीतरी बोलून जाणार, "पोरगं माझं आहे." ते ऐकणार कोण? ते पोरगंच. बँकेच्या दात्याला मुलावर कसलाही हक्क नसतो. कायद्याने मूल त्या जोडप्याचंच.

आता पैशांचं. बँकेतून येणारी कुपी द्रव नायट्रोजनच्या कॅनमध्ये, उणे १९६ अंशांवर असते. तिच्यावर नाव नसतं, कोड असतो. दाता २१ ते ५५ वयाचा लागतो. त्याची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सी आणि सिफिलिसची तपासणी होते. तरीही सॅम्पल लगेच वापरत नाहीत. नुकताच झालेला संसर्ग कधी कधी तपासणीत दिसत नाही, म्हणून ते निदान सहा महिने गोठवून ठेवतात. शिवाय एका दात्याचं सॅम्पल एकाच जोडप्याला देता येतं. खर्च वाढतो तो इथे. बँकेचं बिल आम्ही जसंच्या तसं पेशंटच्या हातात देतो. आमचा आकार फक्त प्रक्रियेचा. पत्नीचे रिपोर्ट चांगले असतील तर आधी आययूआयच सुचवतो, म्हणजे वीर्य नळीने गर्भाशयात सोडणं; थेट आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बाळाचा उपचार, नाही.

कार्डाबद्दलचा तुमचा संताप मात्र रास्त आहे. आयुष्मान भारतमध्ये वंध्यत्वाचे उपचार सरळ वगळलेत, ते आमच्या हातात नाही. मुंबईत १९८६ मध्ये टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं ते महापालिकेच्या केईएम रुग्णालयात. गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजने २०२३ मध्ये मोफत आयव्हीएफ सुरू केलं. मग आपल्या जिल्हा रुग्णालयात निदान आययूआय तरी का मिळू नये? मंगळसूत्र गहाण टाकून आलेल्या बायका आम्ही पाहतो. तुम्ही आमदारांना निवेदन देणार असाल तर डॉक्टर म्हणून त्यावर माझी सही घ्या.

बिलातल्या कुठल्याही रकमेबद्दल शंका असेल तर फाइल घेऊन दुपारी दोन ते चारच्या दरम्यान या. त्या वेळी मी स्वतः बसतो, त्याची फी नाही.