दुसरा एमएक्स काढायला का सांगितलं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. माझ्या लेखात मी सुचवलं होतं की बाहेरचा मेल आधी स्पॅम फिल्टरने घ्यावा, चाळून ऑफिसच्या मेल सर्व्हरला द्यावा, आणि एमएक्समध्ये (डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरला द्यायचा हे जगाला सांगणारी डीएनएस नोंद) फक्त फिल्टर ठेवावा. त्यावर तुमचे आक्षेप दोन आहेत. पहिला: एमएक्स १० फिल्टरचा असला तरी एमएक्स २० थेट मेल सर्व्हरचा हवाच, नाहीतर २०१९च्या ऑगस्टसारखं कृष्णेचं पाणी पुन्हा सांगलीत शिरलं तर हळद व्यापाऱ्याचे मेल बुडतील. दुसरा: लेखाप्रमाणे मांडणी केल्यावर ‘टू मेनी हॉप्स’ (मेल फार वेळा एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे गेला) म्हणून मेल परत गेले.

पहिल्या मुद्द्यावर मी ठाम आहे. लहान आकड्याचा एमएक्स आधी, हा नियम पाळतात ते प्रामाणिक सर्व्हर. स्पॅम पाठवणारे मुद्दाम मोठ्या आकड्याकडे जातात, कारण मागच्या दाराला राखण कमी असते. फिल्टर ठणठणीत चालू असतानाही तुमच्या एमएक्स २० वरून कचरा थेट आत येईल. नुसती नोंद काढूनही भागत नाही, जुना पत्ता त्यांच्या यादीत राहतोच. म्हणून सर्व्हरचं पोर्ट २५ (सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते दार) फक्त फिल्टरच्या आयपीला, म्हणजे नेटवर्कवरच्या पत्त्याला, उघडं ठेवा आणि कर्मचाऱ्यांचे मेल पासवर्डसह पोर्ट ५८७ वरून घ्या. हे बाहेरून तपासताना मोबाईल हॉटस्पॉट वापरू नका. बऱ्याच कंपन्या २५ आपल्याच बाजूने अडवतात, त्यामुळे दार उघडं असूनही बंद वाटतं.

आता पुराचं. फिल्टर आणि सर्व्हर एकाच रॅकमध्ये असतील तर वीज गेल्यावर दोन्ही बंद, मग एमएक्स २० कुणाच्या उपयोगाचा? पाठवणाऱ्या सर्व्हरने किमान ४ ते ५ दिवस प्रयत्न करत राहावेत असं एसएमटीपीचं, म्हणजे मेल पोचवण्याच्या पद्धतीचं, मानकच सांगतं, आणि पोस्टफिक्स या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये ही मुदत मुळातच ५ दिवसांची आहे. बहुतेक मेल हरवत नाहीत, उशिरा येतात. त्याहून जास्त खात्री हवी तर दुसरा फिल्टर दुसऱ्या शहरात ठेवा, तोही पहिल्याइतकाच कडक आणि त्याच पत्त्यांच्या यादीसह. एकटा फिल्टरच जळाला तर फायरवॉलवरचं (इंटरनेट आणि ऑफिस यांच्या मधली चौकी) पोर्ट २५ चं फॉरवर्डिंग हाताने सर्व्हरकडे वळवा, सर्व्हरवरची आयपीची अट सैल करा आणि स्मार्टहोस्ट (बाहेर जाणारा मेल ज्याच्या हाती द्यायचा तो सर्व्हर, इथे फिल्टर) काढा. डीएनएसला हात लावायची गरज नाही. हे तीन बदल कागदावर लिहून रॅकला चिकटवलेले असावेत.

दुसरा आक्षेप मात्र मान्य. लेखात मी हे लिहायलाच हवं होतं. मेल गोल फिरण्याची कारणं बहुधा दोन असतात. एक, सर्व्हर तुमचं डोमेन स्वतःचं मानत नाही. फिल्टरने दिलेला मेल तो ‘बाहेरचा’ समजून स्मार्टहोस्टकडे, म्हणजे पुन्हा फिल्टरकडेच पाठवतो. प्रत्येक फेरीत एक ‘रिसीव्ह्ड’ ओळ वाढते. पोस्टफिक्स ५० नंतर हात टेकतो. परत आलेल्या मेलमधल्या या ओळी खालून वर वाचा, तीच दोन नावं आलटून पालटून दिसतील. उपाय: सर्व्हरवर डोमेन स्थानिक म्हणून नोंदवा. दोन, फिल्टरच्या ट्रान्सपोर्ट नोंदीत (चाळलेला मेल पुढे कुठे द्यायचा ते सांगणारी ओळ) सर्व्हरचा पत्ता चौकोनी कंसात, [१९२.१६८.१.१०] असा असण्याऐवजी कंसाविना डोमेनचंच नाव असणं. कंस नसलेल्या नावाचा एमएक्स शोधला जातो, आणि तो तर फिल्टरच. नॅटमागे (बाहेरचा आयपी फायरवॉलवर, आत वेगळा आयपी अशा मांडणीत) बसलेल्या फिल्टरला, एमएक्स ज्याकडे बोट दाखवतो तो सार्वजनिक आयपी आपलाच आहे हे सांगितलेलं नसेल, तर तो स्वतःलाच मेल पाठवत राहतो.

तुमच्या मांडणीच्या वर्णनात याहून गंभीर गोष्ट दिसली, ती आजच दुरुस्त करा. फायरवॉल २५ आत वळवताना मूळ आयपी पुसून स्वतःचा १९२.१६८.१.१ लावते आहे. फिल्टरला जगभरातला प्रत्येक मेल ऑफिसातूनच आल्यासारखा दिसतो. काळ्या याद्या आणि एसपीएफ (डोमेनच्या नावाने कोणत्या आयपींनी मेल पाठवावा ती नोंद) निकामी होतातच, शिवाय ‘मायनेटवर्क्स’मध्ये (विश्वासाच्या पत्त्यांच्या यादीत) ऑफिसचं पूर्ण नेटवर्क असेल तर फिल्टर ओपन रिले होतो, म्हणजे कुणाचाही मेल कुठेही पोचवतो. फायरवॉलच्या त्या नियमावरचं सोर्स नॅट (मूळ आयपी बदलणं) बंद करा. एसपीएफची तपासणी फक्त फिल्टरवर हवी. सर्व्हरला दिसतो तो फिल्टरचाच आयपी, तिथे ती चालू राहिली तर चांगले मेलही नापास होतील.

दोन ब्रॉडबँड लाइन आहेत म्हणता, तर फिल्टरचं बाहेर जाणारं २५ एकाच लाइनला बांधा. लोड बॅलन्सिंगने मेल दुसऱ्या आयपीवरून गेला की एसपीएफ आणि उलट नोंद (आयपीवरून नाव सांगणारी) दोन्ही जुळत नाहीत. फिल्टरची आकारमर्यादा सर्व्हरपेक्षा मोठी ठेवू नका. आणि सर्व्हरवर नसलेला पत्ता फिल्टरने दारातच नाकारायला हवा. एकदा घेतलेला मेल नंतर परत केला, तर तो ज्याचं नाव खोटं वापरलंय त्या निरपराध माणसाकडे जातो.