दावा निकाली, शेत मात्र सामाईकच

जळगाव-धुळ्याच्या वर्तमानपत्रांत अधूनमधून बातमी असते: जिल्ह्यात इतके हजार खटले प्रलंबित. आकडा राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिडवरचा, म्हणजे देशभरातल्या कोर्टांचे आकडे दाखवणाऱ्या सरकारी संकेतस्थळावरचा असतो, खोटा नसतो. पण दावा नेमका कुठे अडला, ते त्यातून कळत नाही. इथे इंग्लंडात न्याय मंत्रालय दर तिमाहीला दावा दाखल झाल्यापासून सुनावणीपर्यंत किती आठवडे लागले, ते छापतं. म्हणून इथला कारभार चोख आहे असं नाही. गंभीर फौजदारी खटले चालवणाऱ्या क्राउन कोर्टात 2024 मध्ये 70 हजारांवर खटले तुंबले होते. पण निदान वेळ मोजतात.

शेतीच्या वाटणीचा दावा घ्या. एक भाऊ चोपड्याला, दुसरा सुरतला, बहिणी सासरी. एकाची समन्स बजावणी राहिली की पुढची तारीख. कैफियतीला, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराला 30 दिवस, फार तर 90. पण ही मुदत सक्तीची नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेच 2005 मध्ये ठरवलं. तेवढ्यात एखादा प्रतिवादी वारतो. 90 दिवसांत वारस रेकॉर्डवर घेतले नाहीत तर त्याच्यापुरता दावा संपतो. मग विलंबमाफीचा अर्ज, त्यावर म्हणणं, त्यावर युक्तिवाद. मूळ दावा तिथेच! सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी नको, हे दिवाणी प्रक्रिया संहितेत लिहिलेलं आहे. ते कितपत पाळलं जातं, ते रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या तारीखवार नोंदीत दिसतं.

हे शोधायला कुणाच्या हातापाया पडावं लागत नाही. ई-कोर्ट्स या कोर्टांच्या संकेतस्थळावर 16 अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक दाव्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकला की तारीखवार कामकाज उघडतं. एकाच कोर्टातले शंभर जुने दावे घेऊन किती तारखा समन्सला गेल्या, किती वारसांना, किती वकिलांच्या अर्जांना, एवढं मोजलं तरी एकूण आकड्यापेक्षा मोलाची बातमी होईल.

खरी गफलत पुढे आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 प्रमाणे सारा भरणाऱ्या शेतजमिनीची प्रत्यक्ष वाटणी कोर्ट करत नाही; हुकूमनामा जिल्हाधिकाऱ्याकडे जातो, तिथून तहसील, मग भूमी अभिलेखची मोजणी, मग ताबा. कोर्टाच्या हिशेबी दावा केव्हाच निकाली निघालेला असतो. ग्रिडवर ही वाट पाहणं कुठेच नाही. इंग्लंडचा आकडाही सुनावणीपाशी थांबतो, पुढची वसुली त्यात नसते.

तेव्हा एक अर्ज माहितीच्या अधिकारात तहसीलमध्येही टाकावा: वाटपाचे किती हुकूमनामे आले, किती ठिकाणी मोजणी झाली, किती ताबे दिले.