रेडिओवाल्या काकांचा नंबर

सुधीरची स्कोडा ऑक्टाव्हिया संभाजीनगरात कॅनॉटच्या कोपऱ्यावर वळून कट्ट्यासमोर उभी राहिली. काच खाली होती, तरी आतून काही ऐकू आलं नाही. सगळ्यांनी काय ते ओळखलं. सलग तिसरा रविवार.

"अजून सेफच?" नाना म्हणाले.

"सेफच. मालक सोडून सगळ्यांपासून नाही, मालकापासूनच सेफ."

बॅटरीची कहाणी कट्ट्याला पाठ आहे, ती पुन्हा सांगत नाही. दुकानातल्या पोरानं टर्मिनल ओढलं, गाडीतल्या रेडिओचा, म्हणजे टेपचा, करंट गेला, नवीन बॅटरी बसल्यावर टेपनं पडद्यावर SAFE लिहून चोरीविरोधी कोड मागितला. इथपर्यंत कुणाचीच चूक नव्हती. टेप आपलं काम करत होता. पुढचं सगळं माणसांनी केलं.

शकीलभाईंनी आधी सुधीरला पुन्हा गाडीत बसवलं. "चावी लाव. इग्निशन चालू. टेप चालू. आता कशालाही हात लावू नको आणि उतर. सहा दहा झालेत. सात दहापर्यंत कुणी त्या गाडीजवळ जायचं नाही."

"तासभर?" विकी.

"दोनदा कोड चुकला की हा तासभर तोंड बंद करतो. टेप चालू ठेवून तास काढावा लागतो. तुम्ही लोक काय करता, चुकवता, चिडता, बंद करता, दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा चुकवता. तीन आठवड्यांत एकदा तरी पूर्ण तास दिला का कुणी त्याला?"

कुणीच दिला नव्हता. बॅटरीच्या पोरानं पहिल्यांदा 0000 टाकला. मग पडद्यावर 1000 आलं, ते पोराला वाटलं मशीन स्वतःच कोड सांगतंय, आणि त्यानं बटण दाबून धरलं. तो 1000 म्हणजे नुसती सुरुवात असते. एक ते चार नंबरच्या बटणांनी एकेक आकडा आपण फिरवायचा आणि चारही जमले की मगच मंजुरीचं बटण धरायचं. घाईत आधीच धरलं, तर टेप 1000 हेच तुमचं उत्तर समजतो आणि चूक मांडतो. नंतर सुधीरच्या मेहुण्यानं लग्नाचं साल टाकलं. आणि मग आला विकी.

"मी फक्त 1234 टाकून बघितला."

"आणि एक आणि सहा नंबरचं बटण एकदम कुणी दाबलं होतं?"

"ते व्हिडिओत होतं!"

"तो व्हिडिओ होंडाचा होता." शकीलभाई शांतपणे चहा फुंकत म्हणाले. "होंडात ती दोन बटणं धरून टेप चालू केला की सिरीयल नंबर पडद्यावर येतो. कोडही तिथे पाच आकडी. ह्याचा चार आकडी. माणूस औषध आणायला गेला तर निदान पेशंट कोण ते तरी विचारतो."

विकीचं कसं आहे, जगातल्या प्रत्येक दाराला मागून एक फट असते यावर त्याची श्रद्धा आहे. सोसायटीच्या वायफायपासून तिरुपतीच्या रांगेपर्यंत. गोव्याला जाताना ह्याच्याच शॉर्टकटवर विसंबलो आणि पहाटे चार वाजता आम्ही विजापुरात उभे होतो. नानांनी ते काढलंच.

"विजापूरचा विषय वेगळा आहे," विकी म्हणाला. "इथे साधं गणित आहे. चार आकडे. एकेक करून सगळे टाकत जायचे. कधीतरी लागेलच."

नानांनी डोळे मिटले. नाना शेंद्र्याच्या स्कोडा कारखान्यात होते, 2001 साली तिथे ऑक्टाव्हिया बनायला लागल्या तेव्हापासून. हिशोब तोंडी करतात. "0000 ते 9999, म्हणजे दहा हजार. तासाला दोन. पाच हजार तास. रात्रंदिवस बसलास तर दोनशे आठ दिवस. मधे झोपलास तर तुझं तू बघ."

"दोनशे आठ दिवसांत तर याचं लग्न जमेल," सुधीर म्हणाला.

"ते नाही जमणार," शकीलभाई म्हणाले, "तिथे मास्टर कोड नाही."

चहावाल्या पोरासकट सगळे हसले. विकीनं मग त्याचा हुकमाचा पत्ता काढला. तो पत्ता येणार हे आम्हाला ठाऊकच होतं. "काढून फेक ना तो डबा! नऊ इंची अँड्रॉइड स्क्रीन बसव. मॅप, यूट्यूब, मागचा कॅमेरा. माझ्या गाडीत बघ."

"तुझ्या गाडीत बघतो," शकीलभाई म्हणाले, "ऐकत काही नाही. मागच्या महिन्यात जालन्याला जाताना मी बातम्या लाव म्हणालो, तर पूर्ण रस्ता खरखर. का? तुझीही गाडी त्याच घराण्यातली. त्या छतावरच्या अँटेनात छोटा अँप्लिफायर असतो, त्याला करंट मूळ टेपकडून अँटेनाच्याच वायरीतून जातो. नवीन स्क्रीन तो करंट देत नाही. मधे एक अडॅप्टर लावावा लागतो, बसवणाऱ्यानं लावला नाही आणि तू विचारलं नाहीस. तुझ्याकडे आता सिनेमा दाखवणारी गाडी आहे, रेडिओ नसलेली."

"रेडिओ ऐकतं कोण आता?"

यावर मात्र सुधीर पहिल्यांदा आवाज चढवून बोलला. "अण्णा ऐकायचे. सकाळच्या प्रादेशिक बातम्या संपल्याशिवाय गाडीतून उतरायचे नाहीत. शाळेच्या गेटवर मी दप्तर घेऊन उभा, आणि हे म्हणायचे, थांब रे, हवामान राहिलंय."

क्षणभर कुणी बोललं नाही. मला विचाराल तर मी पूर्ण सुधीरच्या बाजूनं आहे, आणि केवळ अण्णांमुळे नाही. त्या डॅशबोर्डला तो टेप असा बसवलाय की फट दिसत नाही. रात्री लाइट लावला की गाडीतली सगळी बटणं एकाच हिरव्या रंगात उजळतात. वीस वर्षं चाललेली वस्तू चार आकड्यांपायी भंगारात घालायची, हे मला पटत नाही. वस्तू बिघडलेली नाही. आपण एक कागद हरवलाय, आणि कागद हरवला म्हणून घर पाडत नाहीत.

"बरं, मग भंगारातून सेम टेप आणू," विकी म्हणाला. माघार त्याला ठाऊक नाही.

"आण. तोही सेफच म्हणणार. फक्त कोड दुसऱ्याच्या बापाचा."

नाना म्हणाले, "अरे, पण हे कुलूप आलं कशामुळे ते तरी आठवा. त्या काळात काच फोडून टेप पळवायचे. मुंबईत माझा भाऊ अख्खा टेप हँडल धरून बाहेर काढायचा आणि काखेत मारून ऑफिसात न्यायचा. नंतर नुसता पुढचा तुकडा खिशात घालायची सोय आली. त्यापेक्षा कोड बरा, चोरलेला टेप दुसऱ्या गाडीत बोलतच नाही."

"आता चोर हा टेप फुकट दिला तरी नेणार नाही," सुधीर म्हणाला. "चोर गेला, कुलूप राहिलं."

"कुलपाला नावं ठेवू नको," शकीलभाई म्हणाले. "किल्ली कुठे ठेवली ते सांग. गाडीच्या पुस्तकात कार्ड असतं, त्यावर कोड असतो. पुस्तक कुठाय?"

"मिळत नाही."

"मग टेप बाहेर काढू. माझ्याकडे त्या पातळ पट्ट्या आहेत, कडेच्या खाचांत सरकवल्या की टक् करून सुटतो. डब्यावर स्टिकर असतो, एसकेझेडनं सुरू होणारा चौदा अक्षरी नंबर. तो आणि आरसी घेऊन डीलरकडे जायचं. आरसी तुझ्या नावावर केलीस?"

सुधीर चहाच्या कपात बघायला लागला.

"चार वर्षं झाली रे अण्णांना जाऊन!" नाना.

"तेही नसेल जमत तर माझ्या ओळखीचा एक पोरगा आहे. आत आठ पायांची इवलीशी चिप असते, तिच्यातून कोड वाचून देतो. पण आरसी बघितल्याशिवाय तो हात लावत नाही, आणि बरोबर करतो. कागद कर आधी. आणि पुढच्या वेळी बॅटरी बदलताना आधी दुसऱ्या बॅटरीच्या वायरी लावायला सांग, म्हणजे टेपचा करंट तुटतच नाही. दोन मिनिटांचं काम आहे, कुणी करत नाही."

हे मलाही माहीत नव्हतं. ज्यांच्याकडे अशा जुन्या गाड्या आहेत त्यांनी आजच कोड शोधून दोन ठिकाणी लिहून ठेवावा, आणि गाडी विकताना तो पुढच्याला द्यावा, असं मी अगदी कळकळीनं म्हणेन. लोक जॅक देतात, स्टेपनी देतात, हा कागद मात्र कपाटातच राहतो.

मधेच विषय मर्सिडीजवर गेला. कसा गेला ते आता आठवत नाही. 2010 मध्ये या शहरानं, तेव्हाच्या औरंगाबादनं, एकरकमी दीडशे मर्सिडीज घेतल्या, त्यात आपलंही नाव एकशे एक्कावन्नावं होतं, असं विकी तेव्हापासून सांगतो. नाना दर वेळी पावती मागतात. आजही मागितली. विकी फणकारून उठला आणि पलीकडे गेला.

"अण्णा कोड असा कुठेही लिहिणारे नव्हते," सुधीर सांगत होता. "एटीएमचा पिनसुद्धा ते टेलिफोनच्या डायरीत नंबर करून लिहायचे. 'बँकवाले कुलकर्णी' म्हणून."

शकीलभाईंचा कप ओठांपाशी थांबला. "त्या डायरीत गाडीचं काही आहे?"

"गाडीचं नाही. 'रेडिओवाले काका' म्हणून एक नंबर आहे. मला वाटलं रिपेअर करणारे असतील. मी तीनदा फोन लावला. एक बाई उचलते आणि राँग नंबर म्हणते. काल तर चिडलीच."

"शेवटचे चार आकडे काय आहेत?" नाना ओरडले.

सुधीर त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर जे काही हळूहळू उमटलं ते बघून नाना कट्ट्यावर हात आपटून हसायला लागले. शकीलभाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. "अरे, त्या बाईला काय विचारलंस तू?"

"टेप उघडून द्याल का, म्हणालो."

पुढची दोन मिनिटं कुणालाच बोलता येईना. डायरीच्या पानाचा फोटो सुधीरच्या मोबाइलमध्येच होता. अण्णांचं ते उभं, टोकदार अक्षर, नंबरातले शेवटचे चार आकडे जरा सुटे, बाकीच्यांपेक्षा ठसठशीत. सहा छप्पन झाले होते. चौदा मिनिटं राहिली होती.

तेवढ्यात विकी गाडीचं दार लावून आला. "मोबाइल चार्ज करायला बसलो होतो. आणि सुध्या, चावी चालूच ठेवली होतीस बघ. नवीन बॅटरी उतरली असती. बंद केली मी."

नानांनी पोराला हाक मारून सहा चहा सांगितले. शकीलभाई काही न बोलता उठले, गाडीत बसले, चावी फिरवली, टेप चालू केला, घड्याळ बघितलं आणि दार आतून लॉक करून घेतलं. त्यांचा चहा खिडकीतून द्यावा लागला.