गाणारा नट हा नट नव्हे? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

एवढं सविस्तर आणि न बिचकता लिहिलंत, बरं वाटलं. संगीत नाटकातल्या गायक-नटांवरच्या माझ्या लेखाला तुमचा आक्षेप असा, की ही मंडळी मुळात गवई. नाटक थांबवून मैफल करायची, वन्समोअर घ्यायची, आणि अभिनयाच्या नावाने शंख. तेव्हा त्यांची कारकीर्द नटाची म्हणणं भाबडेपणाचं.

वन्समोअरबद्दल मी भांडणार नाही. त्यापायी रंगलेल्या प्रवेशाचा विचका व्हायचा, हे खरंच. पण वन्समोअर मागायचा प्रेक्षक, आणि नाटक मंडळीचा गल्ला त्याच्याच खिशातून भरायचा. सगळं पाप नटाच्या माथी कशाला?

आता अभिनय. १९१९ चं 'एकच प्याला' घ्या. समोर सुधाकर म्हणून गणपतराव बोडसांसारखा कसलेला नट, आणि बालगंधर्वांची सिंधू. नवऱ्याला सोडून जायला ती तयार नाही, आणि ते 'कशि या त्यजूं पदाला' या पदातून सांगते. गद्यात हा नकार दोन वाक्यांत उरकला असता. पदात ती त्याच ओळीवर पुन्हा पुन्हा येते, म्हणून तिचा हट्ट आणि तिची अगतिकता दोन्ही कळतात. आणि खरी परीक्षा पद संपल्यावर. श्वास फुललेला, टाळ्या पडताहेत, ऑर्गनचा सूर अजून कानात, अशात पुढचं वाक्य हलक्या आवाजात टाकायचं. तेही माइक नसताना, पिटातल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचेल असं. हे निव्वळ गवयाचं काम नव्हे.

'कट्यार काळजात घुसली' तर तुम्ही विसरलातच! १९६७ साली ते रंगभूमीवर आलं तेव्हा वसंतराव देशपांडे सत्तेचाळीस वर्षांचे होते; त्याआधी लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी केलेला माणूस. 'घेई छंद मकरंद' या नाटकात दोन ढंगांत येतं, एक संथ आणि एक चपळ, तानांनी भरलेलं. दोन घराण्यांमधलं वैर संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवांनी चालींतच मांडलंय. वसंतरावांची भूमिका खाँसाहेबांची, आणि या खाँसाहेबांचा अहंकार त्यांच्या तानेत दिसतो. ती तान काढून टाका, भूमिकेत उरतं काय?

गळा गेला की यांची कारकीर्द संपते, हा तुमचा मुद्दा मात्र बिनतोड. गद्य नटाला उतारवयात बापाच्या भूमिका मिळतात. गायक-नटाकडून लोक तेच पद, त्याच तयारीने मागतात. बालगंधर्वांची उतरती वर्षं आठवली की वाईट वाटतं. पण हा धंद्याचा निष्ठुरपणा झाला, त्यावरून अभिनय नव्हता असं कसं म्हणायचं?

एक शंका येते. तुम्ही दाखले दिलेत ते सगळे जुन्या तबकड्यांचे. तीनेक मिनिटांच्या त्या तबकडीवर पद तेवढं आहे. आधीचं वाक्य नाही, समोरचा नट नाही. तेवढ्यावरून गाण्याबद्दल हवं ते बोला. अभिनयाबद्दल कसं बोलणार?